वेगातूनच वेग काढायचा? वीव्हिंगच्या मॉडेलांबद्दल काही आक्षेप

शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर जिथे दोन प्रवाह एकमेकांत मिसळतात आणि लगेच पुन्हा वेगळे होतात, तिथे वाहनांचा वेग किती राहील हे सांगणारं मॉडेल बनवणं हा ट्रान्सपोर्टेशनमध्ये एम.टेक. किंवा पीएच.डी. करणाऱ्यांचा आवडता विषय आहे. आवडता असण्याची कारणं साधी आहेत. जागा घराजवळ सापडते, कॅमेरा लावायला एखादी गच्ची किंवा फूटओव्हर ब्रिज मिळतो, व्हिडिओ चार तासांचा पुरतो आणि शेवटी एक समीकरण हातात येतं. पेपरही होतो. पण असे बरेच पेपर ओळीने वाचल्यावर काही गोष्टी खटकत जातात. त्या इथे मांडतो, कारण तुमच्यातले काही जण पुढच्या वर्षी नेमका हाच विषय घेऊन गाइडसमोर बसणार आहेत.

आधी शब्द स्पष्ट करू. वीव्हिंग म्हणजे विणणं. उड्डाणपुलावरून उतरलेल्या गाडीला पुढच्या चौकात डावीकडे वळायचं असतं आणि सर्व्हिस रोडने आलेल्या गाडीला सरळ किंवा उजवीकडे जायचं असतं. दोघींना एकमेकींची वाट कापावी लागते, तीही मधे सिग्नल किंवा पोलीस नसताना, चालत्या वाहतुकीत. पुलाचा पायथा ते पुढचं वळण, एवढ्या लांबीत हे उरकायचं असतं. या तुकड्याला वीव्हिंग सेक्शन म्हणायचं. मुंबईत वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर जवळपास प्रत्येक उड्डाणपुलाच्या पायथ्याशी हे दिसतं. पुण्यात, नागपुरात, दिल्लीच्या रिंग रोडवरही दिसतं. मोठ्या रोटरीतही दोन फाट्यांमधला भाग वीव्हिंगचाच असतो.

कोणा एकाच्या पेपरवर माझा नेम नाही. नेम आहे तो साच्यावर, आणि तो साधारण असा असतो: तीन-चार जागा निवडायच्या, व्हिडिओ काढायचा, दर पाच मिनिटांना वाहनं मोजायची, पीसीयूत रूपांतर करायचं, सरासरी वेग काढायचा. मग एचसीएममधलं, म्हणजे अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलमधलं, समीकरण घ्यायचं, त्यातले स्थिरांक आपल्या डेटावर पुन्हा बसवायचे, आणि तुलनेला एक न्यूरल नेटवर्क जोडायचं. आर-स्क्वेअर ०.८५ च्या वर आला की निष्कर्ष: भारतीय परिस्थितीसाठी सुधारित मॉडेल.

एचसीएमचं हे समीकरण आलं कुठून ते पाहायला हवं. १९८५ च्या आवृत्तीपासून २००० पर्यंत त्याचा सांगाडा तोच राहिला. वेग म्हणजे एक किमान वेग, अधिक (कमाल वजा किमान) भागिले (एक अधिक वीव्हिंगची तीव्रता). या तीव्रतेत तीन गोष्टी घातांकासह येतात: एकूण वाहनांपैकी वीव्हिंग करणाऱ्यांचं प्रमाण, दर लेनचा फ्लो, आणि छेदात सेक्शनची लांबी. दिसायला सुबक आहे. लांबी वाढली की तीव्रता कमी, वेग जास्त. वीव्हिंग करणारे वाढले की उलट. २००० च्या मेट्रिक आवृत्तीत किमान वेग ताशी २४ किलोमीटर आणि कमाल म्हणजे मोकळ्या रस्त्यावरचा वेग अधिक ८.

आता हा २४ चा आकडा जरा थांबून बघा. तीव्रता शून्यापेक्षा कमी होत नाही आणि अनंतही होत नाही. म्हणजे हे समीकरण २४ किंवा त्याखालचा वेग कधीच देऊ शकत नाही. मोकळा वेग ५० धरला तर सगळी उत्तरं २४ च्या वर आणि फार तर ५८ पर्यंत येणार. आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला पुलाच्या पायथ्याशी वेग १५-१८ असणं यात नवल नाही. अशा डेटावर घातांक कितीही फिरवले तरी मॉडेल तिथवर खाली येणार नाही. तरीही काही जण २४ तसाच ठेवतात आणि बाकीचे चार स्थिरांक बसवतात. मग हे घातांक काहीतरी विचित्र येतात आणि त्यांचा अर्थ 'भारतीय चालकांची वर्तणूक' असा लावला जातो. वर्तणुकीचा इथे काही संबंध नाही. मजला वर बांधलाय आणि माणूस तळघरात उभा आहे, एवढंच.

दुसरं म्हणजे हे समीकरण ज्या रस्त्यांसाठी होतं ते फ्रीवे होते, सिग्नल नसलेले. एचसीएम २००० च्या वीव्हिंगच्या प्रकरणात, ही पद्धत कुठे लागू नाही याची यादी दिली आहे, आणि शहरी रस्त्यांवरचं वीव्हिंग त्या यादीत स्पष्ट शब्दांत आहे. ओसंडून वाहणारी, म्हणजे क्षमतेपलीकडची वाहतूकही त्याच यादीत आहे. आपण ज्या दोन परिस्थितींत हे समीकरण वापरतो त्या दोन्ही मॅन्युअलनेच बाहेर ठेवल्या आहेत. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये समीकरण उतरवून घेतलं जातं, ही यादी मागे राहते. (मॅन्युअल वाचताना समीकरणाचं पान शेवटी वाचावं आणि मर्यादांचं पहिल्यांदा. माझी ही सवय गाइडने लावली.)

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. खुद्द अमेरिकेतही या वेगाच्या समीकरणावर शंका घेतली गेली होती. १९८९ मध्ये कॅसिडी, स्काबार्डोनिस आणि मे यांनी कॅलिफोर्नियातल्या मोठ्या फ्रीवे वीव्हिंग सेक्शनचा डेटा तपासला, तेव्हा त्यांना दिसलं की त्यांच्याकडच्या आकड्यांच्या पल्ल्यात वाहतूक किंवा भूमिती बदलली तरी वेग फारसा हलतच नाही. म्हणजे सेक्शन किती ताणात आहे हे सरासरी वेगावरून नीट कळत नाही. पुढे २००० च्या आवृत्तीत सेवास्तर वेगावरून नाही तर घनतेवरून ठरवला गेला. २०१० च्या आवृत्तीत रोजर रोएस आणि सहकाऱ्यांच्या कामातून वीव्हिंगची तीव्रताच बदलली. आधीचे 'ए', 'बी', 'सी' असे रचनेचे प्रकार गेले आणि त्यांच्या जागी दर फूट लांबीत किती लेनबदल होतात हा आकडा आला. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. गाड्या मंद होतात त्या लेन बदलताना, मग लेनबदलच मोजा. समीकरणात निदान कारण तरी आलं.

आपण मात्र अजून बऱ्याचदा २००० चा साचा घेतो, कारण २०१० च्या साच्यात लेनबदल मोजावे लागतात आणि आपल्या रस्त्यावर लेनच कुठे आहे? रंगाचे पट्टे असतात, पण दुचाकी त्यांच्यावरून चालतात, रिक्षा दोन्हीकडे एकेक चाक ठेवते आणि बस अडीच लेन व्यापते. ही अडचण खरी आहे. पण तिचं उत्तर जुना साचा घेणं हे नाही. त्या जुन्या साच्यातही 'दर लेनचा फ्लो' आहेच की.

आता मुख्य आक्षेप, आणि हा मला सर्वांत गंभीर वाटतो.

फ्लो पीसीयूत लिहायचा तर प्रत्येक प्रकारच्या वाहनाचा पीसीयू हवा. सतीश चंद्र आणि कुमार यांच्या २००३ च्या पेपरमधून आपल्याकडे सर्वदूर पोचलेलं सूत्र असं आहे: कारचा वेग भागिले त्या वाहनाचा वेग, आणि त्याला भागायचं कारचं क्षेत्रफळ भागिले त्या वाहनाचं क्षेत्रफळ या गुणोत्तराने. वाहन जेवढं मोठं आणि हळू तेवढा त्याचा पीसीयू जास्त. रस्त्याच्या क्षमतेसाठी हे सूत्र उपयोगी आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद सुरू होतो तो हाच पीसीयू घेऊन वेगाचं मॉडेल बनवलं की. कारण पीसीयूत वेग आधीच बसलेला आहे. मग समीकरणाच्या डावीकडे वेग आणि उजवीकडेही वेग.

एक साधं उदाहरण करू, कागदावर पडताळून बघा. कारचं क्षेत्रफळ ५.४ चौरस मीटर, दुचाकीचं १.२ आणि बसचं २४.३ धरू. म्हणजे कार दुचाकीच्या साडेचारपट आणि बस कारच्या साडेचारपट. तासाला १००० कार, २००० दुचाकी, १०० बस. कार ४०, दुचाकी ४०, बस ३० च्या वेगाने जातायत. दुचाकीचा पीसीयू १ भागिले ४.५ म्हणजे ०.२२, बसचा ४० भागिले ३० गुणिले ४.५ म्हणजे ६. एकूण फ्लो १००० अधिक ४४४ अधिक ६००, म्हणजे २०४४ पीसीयू.

आता एकही वाहन न वाढवता बसचा वेग फक्त २० करा, कारण पुढे स्टॉप आहे आणि तिला डावीकडे यायचंय. बसचा पीसीयू ९ झाला. एकूण २३४४. रस्त्यावर तेवढीच वाहनं, पण कागदावर फ्लो ३०० ने वाढला आणि वेग कमी झाला. हा बिंदू आलेखावर टाकलात तर फ्लो वाढला की वेग घटतो हे अगदी सुंदर दिसेल. दिसणारच, आपणच ते तिथे ठेवलंय.

याच्या उलटही होतं. पहिल्या स्थितीत परत या आणि यावेळी कार अडकल्या असं समजा. कार ३०, दुचाकी फटीतून ४० नेच जातायत, बस ३०. वीव्हिंगमध्ये हे रोजचं आहे. आता दुचाकीचा पीसीयू ०.१७ आणि बसचा ४.५. एकूण १००० अधिक ३३३ अधिक ४५०, म्हणजे १७८३. वाहनं तेवढीच आहेत, वेग घटला आणि फ्लोही घटला. आलेखावर हा बिंदू डावीकडे खाली जातो, म्हणजे पाठ्यपुस्तकात जिथे वक्राची खालची, कोंडीची फांदी काढलेली असते तिथे. पाहणारा म्हणेल, बघा, सेक्शन क्षमतेपलीकडे गेला. प्रत्यक्षात मोजणी जागची हललेली नाही.

म्हणजे पीसीयूतला वेग कोणत्या दिशेने फसवेल हे कोण मंद होतं यावर ठरतं. बस मंद झाली तर फ्लो फुगतो, कार मंद झाली तर आटतो. वीव्हिंग सेक्शनमध्ये नेमकं हेच सतत होत असतं, कारण तिथे प्रत्येक प्रकारचं वाहन वेगवेगळ्या प्रमाणात मंद होतं. मिडब्लॉकमध्ये, सरळ रस्त्यावर, ही गडबड कमी असते. म्हणून तिथे चाललेली पद्धत इथे चालेल असं धरता येत नाही.

याची तपासणी अर्ध्या दिवसात होते. तुमच्या सगळ्या पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत प्रत्येक प्रकारच्या वाहनांची संख्या सरासरीवर गोठवा. वेग मात्र प्रत्यक्ष मोजलेलेच ठेवा. पीसीयू पुन्हा काढा, फ्लो काढा आणि तेच रिग्रेशन चालवा. वाहनसंख्या स्थिर असताना फ्लोला वेगाचं काहीही सांगता यायला नको. तरीही आर-स्क्वेअर ०.४ आला, तर तेवढा भाग सूत्रातून आलाय, रस्त्यावरून नाही. हा आकडा पेपरमध्ये द्या. रिव्ह्यूअर मागणार नाही, तरी द्या.

यातून सुटायचं कसं? एक वाट म्हणजे प्रत्येक प्रकारच्या वाहनाची संख्या सरळ मॉडेलमध्ये घ्यायची, पीसीयू न करता. दुसरी वाट, फ्लो सेक्शनच्या आत मोजायचाच नाही. पुलावर आणि सर्व्हिस रोडवर, वीव्हिंग सुरू होण्याच्या बरंच आधी मोजायचा, म्हणजे ती मागणी होते आणि सेक्शनमधल्या मंदावण्याचा तिच्यावर परिणाम कमी होतो. तिसरी, लेनविरहित वाहतुकीसाठी मल्लिकार्जुन आणि रामचंद्र राव यांनी २००६ मध्ये मांडलेली क्षेत्र-व्याप्ती, म्हणजे रस्त्याच्या किती भागावर किती वेळ वाहनं होती याचं माप. पण हे लक्षात ठेवा की व्याप्ती ही घनतेची बहीण आहे. मंद झाल्यावर तीही वाढते. वर्णनाला ती उत्तम, पण उद्या मागणी वाढली तर वेग किती होईल या प्रश्नाला ती एकटी पुरत नाही.

वेग कसा मोजला हेही जाता जाता बघू. वॉर्ड्रॉपने १९५२ मध्ये दाखवलं होतं की एका बिंदूवर उभं राहून काढलेली सरासरी ही लांबीवर काढलेल्या सरासरीपेक्षा जास्त येते, आणि फरक असतो वेगांच्या व्हेरियन्स भागिले लांबीवरची सरासरी. लांबीवरची सरासरी २५ आणि प्रमाण विचलन ८ असेल तर फरक ६४ भागिले २५, म्हणजे अडीच किलोमीटर. मिश्र वाहतुकीत विचलन मोठंच असतं. रडार गनने काढलेला वेग आणि व्हिडिओतून प्रवेश-निर्गम वेळांवरून काढलेला वेग एकाच टेबलमध्ये मिसळलेले मी पाहिले आहेत. मिसळू नका.

आता सिग्नल. फ्रीवेच्या समीकरणात तो नसतो, कारण फ्रीवेवर नसतोच. शहरी रस्त्यावर वीव्हिंग सेक्शनच्या पुढे शंभर-दीडशे मीटरवर सिग्नल असणं अगदी नेहमीचं आहे. हिशेब करू. पायथ्यापासून स्टॉप लाइनपर्यंत १५० मीटर, तीन लेनची रुंदी, लाल दिवा ९० सेकंद. तासाला १८०० गाड्या येत असतील तर लाल असताना ४५ गाड्या जमतात. तीन रांगांत १५-१५, आणि एका गाडीला साडेसहा मीटर धरले तर रांग जवळपास १०० मीटर. म्हणजे लाल दिव्याच्या शेवटी १५० पैकी १०० मीटर भरलेले आहेत आणि सगळं वीव्हिंग उरलेल्या ५० मीटरमध्ये होतंय. दुचाकी जास्त असतील तर रांग आखूड होईल, बस असतील तर लांबेल. कसंही असलं तरी सेक्शनचा सरासरी वेग बऱ्याच अंशी सिग्नल ठरवतो. वीव्हिंगचं प्रमाण ३० टक्के की ५० टक्के हे त्यानंतर येतं.

मग अशा जागेवर पाच मिनिटांची सरासरी घेऊन मॉडेल केलं तर त्यात काय मोजलं जातं? सायकल १२० सेकंदांची असेल तर पाच मिनिटांत अडीच सायकली बसतात. एका तुकड्यात दोन लाल, दुसऱ्यात तीन. हा फरक वेगात दिसतो आणि त्याचं श्रेय वीव्हिंग रेशोला मिळतं. निदान तुकडा सायकलीच्या पटीत घ्यायला हवा: चार मिनिटं, सहा मिनिटं, जे जुळेल ते. आणि रांग सेक्शनमध्ये घुसली होती की नाही, हा कॉलम डेटात हवाच. माझ्या मते रांग घुसलेल्या वेळा वेगळ्या काढून दोन मॉडेलं करावीत. एकाच समीकरणात दोन्ही कोंबलं की लांबीचा घातांक निरर्थक होतो.

लांबीच्या घातांकावर थोडं अधिक बोललं पाहिजे, कारण पेपर संपल्यावरही जिवंत राहतो तो एवढाच आकडा. पूल कुठे उतरवायचा, पायथ्यापासून बसस्टॉप किती लांब हवा, डावं वळण बंद करायचं की ठेवायचं, या प्रश्नांना प्रकल्प अहवालात उत्तर देताना कोणीतरी 'अमुक पेपरनुसार लांबी ५० मीटरने वाढवल्यास वेग एवढा वाढतो' असं लिहितं. पूल एकदा उतरला की पुढची कित्येक वर्षं तिथे प्लास्टिकचे खांब आणि बॅरिकेड लावून काम भागवावं लागतं.

आणि तो आकडा किती माहितीवर उभा असतो? चार जागा, प्रत्येकी चार तास, पाच मिनिटांचे तुकडे: प्रत्येक जागेचे ४८, एकूण १९२ निरीक्षणं. टेबलमध्ये लिहिलं जातं, नमुना १९२. वीव्हिंगच्या प्रमाणासाठी ते एकवेळ चालेल. पण लांबी १९२ वेळा बदललेली नाही. तिच्या किमती चारच आहेत. त्या चार जागा लांबीशिवाय इतर शंभर बाबतींत वेगळ्या आहेत: एकीवर बसस्टॉप आहे, एकीवर पार्किंग, एकीच्या पुढे सिग्नल जवळ, एकीवर रस्ता चढाचा. लांबीचा घातांक या सगळ्याचं मिश्रण असतो. रिग्रेशनचं सॉफ्टवेअर मात्र १९२ च्या हिशेबाने अतिशय लहान पी-व्हॅल्यू देतं आणि शेजारी तीन तारे छापतं.

व्हॅलिडेशनमध्येही हेच. ७० टक्के तुकडे ट्रेनिंगला, ३० टक्के टेस्टिंगला, रँडम. पण ५:३५ चा तुकडा ट्रेनिंगमध्ये आणि ५:४० चा टेस्टिंगमध्ये असेल तर टेस्ट कसली? दोन्हीत तीच जागा, तीच संध्याकाळ, अनेकदा तीच रांग. न्यूरल नेटवर्क इथे चमकतं, कारण चार जागांच्या लांब्या म्हणजे त्याच्यासाठी जागांची नावंच असतात. ते लांबीवरून जागा ओळखतं आणि त्या जागेची सरासरी सांगून टाकतं. खरी कसोटी एकच: तीन जागांवर मॉडेल बनवा, चौथीवर तपासा, आणि हे चारही वेळा फिरवून करा. आर-स्क्वेअर ०.९ वरून ०.३ वर येऊ शकतो, कधी ऋणही. तसा आला तरी तो थिसिसमध्ये जाऊ द्या. नवीन जागेवर मॉडेल कितपत चालतं याचा हाच खरा आकडा आहे, आणि अहवाल लिहिणाऱ्या इंजिनिअरला हाच हवा असतो.

या सगळ्यावर 'मग काय, जुनं सगळं टाकूनच द्यायचं?' असं कोणी विचारेल. जुन्यातलंच एक उदाहरण मला आवडतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७६ च्या रोटरीच्या शिफारशींत, आयआरसी ६५ मध्ये, वीव्हिंग सेक्शनच्या क्षमतेचं एक सूत्र आहे. मूळ वॉर्ड्रॉपचं, ब्रिटिश. त्यात लेन नाहीत. सेक्शनची रुंदी मीटरमध्ये आहे, प्रवेशाची सरासरी रुंदी आहे, लांबी आहे आणि वीव्हिंगचं प्रमाण आहे. ते वेग सांगत नाही, क्षमता सांगते, आणि आजच्या वाहतुकीला ते तसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. पण सूत्राखाली पल्ले दिले आहेत: रुंदी ६ ते १८ मीटर, लांबी १८ ते ९० मीटर, वीव्हिंगचं प्रमाण ०.४ ते १. म्हणजे वापरणाऱ्याला कळतं की १५० मीटरच्या सेक्शनला हे लावायचं नाही. अशी एक ओळ आपल्या मॉडेलखाली का नसावी? शिवाय लेनशिवाय रुंदीवर विचार करता येतो हे त्यात पन्नास वर्षांपूर्वीच आहे. आपल्या मिश्र वाहतुकीला लेनबदलाऐवजी 'वाहनाने आडवं किती मीटर अंतर कापलं' हे माप घेता येईल. पुलावरून उतरून डावीकडे जाणाऱ्या कारला समजा सात मीटर आडवं सरकायचं आहे आणि दुचाकीलाही तेवढंच, पण दुचाकी ते तुकड्या-तुकड्याने, प्रत्येक फटीत थोडं थोडं करते आणि कार एका झटक्यात, तीन जणांना ब्रेक मारायला लावून. आडव्या हालचालीचा हा फरक कोणत्याही वीव्हिंग रेशोत येत नाही. माझ्या मते विषयातलं खरं काम इथे पडून आहे.

त्यासाठी अर्थातच वाहनागणिक मार्ग, ट्रॅजेक्टरी, लागतात आणि इथे बरेच जण थबकतात. स्वतः काढायच्या आधी उपलब्ध डेटावर हात बसवा. अमेरिकेच्या एनजीसिममधला यूएस-१०१ चा तुकडा, लॉस एंजेलिस, जून २००५, सुमारे ६४० मीटर लांब आणि एकूण ४५ मिनिटांचा, हा वीव्हिंगचाच आहे: एका रॅम्पने वाहनं येतात, पुढच्याने जातात, मधे जोडलेन. त्यातल्या मोजणीच्या चुकांवर बरंच लिहिलं गेलंय, ते आधी वाचा, नाहीतर गोंगाटालाच त्वरण समजाल. चेन्नईच्या सैदापेटमधल्या रस्त्याचा, २४५ मीटर लांबीचा मिश्र वाहतुकीचा डेटा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. तो वीव्हिंगचा नाही, पण लेन नसताना दुचाकी आडवी कशी सरकते हे पाहायला तो उत्तम. आणि अथेन्समध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये दहा ड्रोन उडवून जमवलेला पीन्यूमा हा डेटा खुला आहे. शहरी रस्ते, सिग्नल, बस आणि भरपूर दुचाकी, सगळं त्यात एकत्र सापडतं. सिग्नलची रांग सेक्शनमध्ये कधी शिरते आणि त्याआधी-नंतर वेग कसा बदलतो, हा वर सांगितलेला हिशेब त्यावर थेट करून बघता येतो. रिक्षा मात्र त्यात एकही नाही.